आतली बाजू

स्वेटर विणून झाला म्हणजे नेमकं काय झालं, असं मला काही वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर मी बेधडक सांगितलं असतं: शेवटचा टाका बंद केला, लोकर कापली, झालं. त्यापुढे जे उरतं, म्हणजे पाठ आणि पुढचे भाग जोडणं, मुंढ्यात बाही बसवणं, गळ्याचे टाके उचलणं, लोंबणारे दोरे आत घालणं, धुऊन आकारात वाळवणं, ते माझ्या लेखी विणकाम नव्हतंच. ती मागची आवराआवर. पंगत उठल्यावर पातेली घासायला कुणी ज्या उत्साहानं बसेल, त्याच उत्साहानं मी त्या कामाला बसत असे.

नुसता कंटाळा असता तर त्यावर चार ओळी लिहिण्याचंही कारण नव्हतं. पण मी त्या कंटाळ्यावर तत्त्वाची झूल चढवली होती. माझं म्हणणं असं, की हातानं केलेली वस्तू हातची दिसली पाहिजे. शिवण जरा फुगलेली असू दे, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब असू दे. ज्याला सफाई हवी त्यानं खुशाल बाजारातून घ्यावा. थंडीच्या तोंडावर तिबेटी स्वेटरवाले येतातच, त्यांच्याकडे लुधियानाचा माल रांगेनं टांगलेला असतो. ‘फिनिशिंग, फिनिशिंग’ म्हणून जीव टाकणाऱ्या बायका मला यंत्राची नक्कल करणाऱ्या वाटायच्या. हे मत मी भिशीत मांडलंय, हळदीकुंकवात मांडलंय, लग्नाच्या हॉलवर वरात यायची वाट बघत बसलेल्या बायकांपुढेही मांडलंय. ऐकणाऱ्या माना डोलवायच्या. शिवायचा कंटाळा त्यांनाही होता, आणि मी त्यांना एक भारदस्त कारण पुरवत होते.

आता हे मत माझं नाही. ते एका दिवसात गेलं नाही, आणि कुणी वाद घालून मला हरवलं असंही झालं नाही.

आमच्या नाशकात विणकामाचा हंगाम सुरू होतो आश्विनात. घट बसतात तेव्हा थंडीचा पत्ता नसतो. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर असतं आणि घामेजल्या बोटांना लोकर चिकटते. तरी खरेदी तेव्हाच करावी लागते, कारण गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी रंगाईच्या लॉटचा नंबर असतो आणि तो लॉट संपला की तंतोतंत तोच रंग परत मिळेलच असं नाही. दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, दुपारच्या उन्हात बाही आणि पाठ शेजारी धरली की लगेच कळतो. तर, नवरात्रात लोकर येते, कोजागिरीला टाके पडतात, दिवाळीच्या फराळात काम मागे पडतं, पाहुणे गेले की पुन्हा वेग येतो. मार्गशीर्षात निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की घरातून विचारणा होते, ‘झाला का गं स्वेटर?’ झालेला असतो. पाठ झालेली असते, पुढचे दोन भाग झालेले असतात, बाह्या झालेल्या असतात, आणि ते सगळं कापडी पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर गेलेलं असतं. सुया मात्र रिकाम्या नसतात, त्यांच्यावर नवं काहीतरी चढलेलं असतं. माझे कितीतरी स्वेटर विणले एका हिवाळ्यात आणि अंगावर चढले पुढच्या. लहान मुलाच्या बाबतीत हा हिशोब कसा चुकतो ते वेगळं सांगायला नको.

माझं मत पहिल्यांदा जरा हललं ते एका बाजारच्या स्वेटरमुळे. सुरेख वांगी रंग, कोपरावर विटलेला. म्हटलं, उसवू आणि लोकर काढू. आईच्या पिढीत हे घरोघर चालायचं. मोठ्याचा स्वेटर आखूड झाला की उसवायचा, लडी करायची, गरम पाण्यातून काढून वजन बांधून टांगायची म्हणजे लोकरीची नागमोड जाते, आणि त्यात एक नवा रंग मिसळून धाकट्यासाठी पुन्हा टाके घालायचे. मी बाजूची शिवण उलगडली आणि ओढायला लागले, तर हातात नुसते तुकडे. एका ओळीचा एक तुकडा, दुसऱ्या ओळीचा दुसरा. तेव्हा नीट आत पाहिलं. यंत्रावर विणलेलं कापड सरळ कात्रीनं कापलं होतं आणि कापलेल्या कडा ओव्हरलॉकनं बांधून टाकल्या होत्या. मुंढ्यात, खांद्यावर, सगळीकडे तो जाड टोचरा दोरा. वर्षानुवर्षं ज्याला मी ‘यंत्राची सफाई’ म्हणून नाक मुरडत होते, ती ही. चांगल्या प्रतीचे स्वेटर असे नसतात; त्यांचे भाग यंत्रावरच आकारात विणलेले असतात आणि लिंकिंग मशीनवर कामगार एकेक टाका काट्यावर चढवून ते जोडतो. पण ते महाग, आणि रस्त्यावरच्या ढिगात विरळा.

त्याच दुपारी हट्टानं आईनं विणलेला एक जुना स्वेटर काढला. बगलेपाशी चाचपल्यावर आत दडवलेलं एक टोक सापडलं. ते सोडवून ओढलं आणि काखेपासून कमरेपर्यंतची शिवण एका दमात सुटली. दोन्ही कडा जशाच्या तशा, एक टाका दुखावलेला नाही. आईनं ‘फिनिशिंग’ हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल. तिच्या डोक्यात एवढंच असणार, की हे उद्या उसवायचं आहे, तेव्हा उसवता येईल असंच जोडावं. मी ज्या गाठी मारून आणि दुहेरी-तिहेरी टाके घालून भाग एकमेकांना जखडून टाकायचे, ते काही हातचं म्हणून गोड नव्हतं. त्यातून पुढे लोकर काढायची तर कात्रीच लागली असती.

तरीही त्या दिवशी मी काही शपथ वगैरे घेतली नाही. फार तर मनात म्हटलं, आईची पिढी वेगळी, आता उसवतंय कोण?

मग भाचीचं प्रकरण झालं. ती नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे. तिच्या जावेच्या बाळासाठी मी सेट केला होता: टोपडं, स्वेटर, हातमोजे, पायमोजे. पायमोज्यांवर पांढऱ्यात निळ्या चांदण्या. बारशाला घरभर कौतुक झालं, हातोहात फिरला. भाचीच्या हातात आला तेव्हा तिनं चांदण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मोजा उलटा केला, आत तर्जनी घातली आणि बोट हळूहळू फिरवून बाहेर काढलं. बोटाला मागच्या निळ्या धाग्याचा फास आला होता. रंगीत नक्षी विणताना जो रंग लागत नाही तो मागून धावत जातो. तिथे तीन-चार टाक्यांच्या लांबीचे मोकळे धागे राहिले होते.

‘मावशी, राग मानू नकोस,’ ती म्हणाली, ‘पण हे आम्ही घालू देत नाही.’

आणि तिनं जे सांगितलं ते मी तोवर कुठल्याही विणकामाच्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तान्ह्या बाळाच्या हातापायाच्या बोटाला आतला सुटा दोरा किंवा आईचा गळलेला केस गुंडाळला गेला, तर रक्तपुरवठा अडतो. बोट सुजतं. सुजलं की दोरा आणखी रुततो, आणि मग कातडीच्या वळीत तो दिसतही नाही. बाळ रडतं, घरचे पोटात दुखतंय समजून ओव्याचा शेक देतात, कारण पायात मोजा आहे, बोट कुणाच्या नजरेला पडत नाही. वेळेवर कळलं नाही तर बोटाला कायमची इजा होऊ शकते. त्यांच्या विभागात मोजा घालण्याआधी तो उलटा करून बघायची शिस्तच आहे. टोपड्याच्या गळ्यातून ओवलेली लांब नाडी आणि तिच्या टोकांचे गोंडे तिनं तितक्याच सहजपणे बाजूला काढून ठेवले. नाडी गळ्याभोवती आवळते आणि गोंडा तोंडात जातो.

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मला काही बोलताच आलं नाही. वरून दिसणाऱ्या चांदण्यांसाठी मी मन लावून टाके मोजले होते आणि आतल्या बाजूला, जिथे बाळाची दहा बोटं असणार, तिथे मी पाहिलंही नव्हतं. आतलं बघणं म्हणजे दिखाऊपणा, असं मी ज्या तोऱ्यात सांगत आले होते तो तोरा तिथे संपला. दिखाऊ तर चांदण्या होत्या.

त्यानंतर मी उलट्या बाजूनं विचार करायला लागले आणि सगळं गणितच फिरलं. एक म्हणजे, फिनिशिंग हे शेवटी करायचं काम आहे ही समजूतच मुळात फोल. दोरे नीट आत जायचे असतील तर नवा गुंडा ओळीच्या मधोमध गाठ मारून जोडून चालत नाही. कडेला जोडायचा आणि दोन्ही टोकं वीतभर लांब सोडायची. पुढे मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईनं ते टोक शिवणीतून वर न्यायचं, मग थोडं उलट दिशेला परत आणायचं. आपल्याकडची लोकर गुळगुळीत असते, एकाच दिशेनं ओवलेलं टोक चार धुण्यांत डोकं बाहेर काढतं. पण टोक आखूड कापलेलं असेल तर यातलं काहीच करता येत नाही, आणि ते आखूड कापलं गेलेलं असतं विणतानाच, घाईत, मालिका बघता बघता.

दुसरं उदाहरण तर आपल्या बहुतेक जणींच्या मुळावर येणारं आहे. ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, हे आपल्याला शाळेत शिवणाच्या बाईंनी शिकवलेलं असतं. त्यानं कड सुबक दिसते, साखळीसारखी. मफलरला, शालीला ती हवीच. पण जी कड पुढे शिवणीत जाणार आहे, तिथे हाच सुबकपणा नडतो. दोन ओळींमागे एकच लांबट सैल टाका मिळतो, आणि त्याला धरून शिवलं की शिवण जाळीसारखी उघडी दिसते. माझ्या शिवणी का फुगतात, बाजू का वाकड्या होतात, याचं खापर मी इतकी वर्षं माझ्या शिवणकामावर फोडत होते. दोष सुईत नव्हताच, तो कडेच्या टाक्यात होता. आता शिवणीत जाणाऱ्या कडेचा टाका मी दर ओळीला विणते. जोडताना दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी ठेवते आणि कडेच्या पहिल्या व दुसऱ्या टाक्याच्या मधला जो आडवा धागा असतो, तो एकदा इकडचा एकदा तिकडचा उचलत जाते. परदेशी पुस्तकांत याला मॅट्रेस स्टिच म्हणतात. दोन-तीन इंच सैल ओवून झालं की दोरा हळूच ओढायचा. मधली फट मिटते, दोन भाग एकमेकांना भिडतात आणि शिवण कुठे आहे ते आपल्यालाच शोधावं लागतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. कुणाला त्यात काही विशेष दिसलं नाही, ते एका अर्थी बरोबरच होतं.

बटणपट्टीचंही तसंच. पूर्वी मी उभ्या कडेला जितके दिसतील तितके टाके उचलायचे आणि पट्टी झालरीसारखी लाटा मारायची. साध्या सुलट विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून चार ओळींमागे तीनच टाके उचलायचे, हे एवढं साधं प्रमाण आहे. ते कळल्यापासून पट्टी सरळ पडते.

नमुन्याच्या तुकड्याबद्दल तर मी काय काय बोलले आहे! दहा सेंटिमीटरचा चौकोन आधी विणून, धुऊन, मोजून मग कामाला लागायचं, हे मला लोकरीची नासाडी आणि हौशी लोकांचे चोचले वाटायचे. आता हिशोब ऐका. नमुन्यात दहा सेंटिमीटरला २२ टाके धरलेत, तुमचा हात सैल म्हणून तेवढ्याच लांबीत २० बसतात. फक्त दोन टाक्यांचा फरक. पण छातीच्या १०० सेंटिमीटरसाठी तुम्ही २२० टाके घालता आणि स्वेटर होतो ११० सेंटिमीटरचा. मग तो ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून खपवावा लागतो. त्यात हल्ली मुली मोबाइलवरून अमेरिकन नमुने घेतात आणि सुयांच्या नंबरात फसतात. आपल्याकडे जुने इंग्रजी नंबर चालतात; त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नेमकं उलटं. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची आठ नंबरची ५ मिलिमीटरची. नंबर बघूच नये, मिलिमीटर बघावेत.

परदेशी पुस्तकांवरून आठवलं. त्यातली एक गोष्ट मी डोळे मिटून उचलली असती तर पंचाईत होती. तिकडे प्रत्येक कामाच्या शेवटी सांगितलेलं असतं: कोमट पाण्यात भिजवा, न पिळता पाणी दाबून काढा, टॉवेलात गुंडाळा, मग मापात टाचण्या लावून सपाट वाळवा. लोकरीला हे लागू पडतं. भिजली की ती मऊ पडते, आणि ताणलेल्या आकारात वाळली की पुढच्या धुण्यापर्यंत तो आकार धरून ठेवते. शेटलंड बेटांवर लेसच्या शाली अशा चौकटीवर ताणतात आणि स्वेटरसाठी तर लाकडाची खास मापाची चौकट असते. स्वेटर तिलाच घालतात आणि तिच्या अंगावर वाळवतात. पण आपण दुकानातून ‘लोकर’ म्हणून जी आणतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. अ‍ॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही. कितीही भिजवा आणि टाचा, टाचण्या काढल्या की ते पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जातं. त्याला वळवायचं तर वाफेनं: इस्त्री दोन बोटं वर धरायची, टेकवायची नाही, आणि वाफ जाईपर्यंत हात लावायचा नाही. इस्त्री टेकली तर वीण चपटी आणि लुळी होते, बॉर्डरचा ताण जातो, आणि तो काही केल्या परत येत नाही. शालीला कधीकधी हा लुळेपणा मुद्दाम हवा असतो, अंगावर छान पडते. स्वेटरच्या मनगटाला तो चालत नाही. म्हणून बाळाचे अ‍ॅक्रिलिकचे कपडे मी वाफवत नाही, नुसते धुऊन, हातानं सरळ करून सतरंजीवर सावलीत पसरते. तेवढं पुरतं.

सगळ्यात आडमुठी शंका मी शेवटपर्यंत राखून ठेवली होती: शिवण इतकी त्रासदायक, तर शिवणच नसलेलं विणावं की! यात माझ्या बाजूला मोठी साक्षीदार होती. एलिझाबेथ झिमरमन, जन्मानं इंग्लिश, संसार अमेरिकेत विस्कॉन्सिनला. १९७१ साली ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक लिहून तिनं गोल सुईवर सलग स्वेटर विणण्याचा धडाक्यात पुरस्कार केला. मी तिचं नाव भिशीत ढालीसारखं वापरलंय. नंतर तिच्या पद्धतीनं एक स्वेटर केला तेव्हा कळलं की बाह्या धडाला मिळतात तिथे काखेत दोन्हीकडचे टाके समोरासमोर उघडे राहतात, आणि ते सुईनं एकमेकांत विणूनच मिटवावे लागतात. बाई फिनिशिंगमधून सुटलेली नव्हती, तिनं ते एवढ्याशा जागेत आणून ठेवलं होतं.

त्या टाक्याला इंग्रजीत किचनेरचं नाव आहे. तोच लॉर्ड किचनेर, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती, ज्याच्याशी झालेल्या भांडणात कर्झननं राजीनामा दिला. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे विणण्याच्या मोहिमेशी त्याचं नाव जोडलं जातं. बुटात दिवसदिवस चालणाऱ्या पायाला मोज्याच्या टोकाची शिवण सोलून काढते, म्हणून शिवणीविना टोक मिटवणारा हा टाका. खरं-खोटं किचनेर जाणे, पण गरज खरी होती. १९६२ साली, चीनचं युद्ध सुरू असताना, जवानांसाठी आपल्याकडे बायका खाकी आणि हिरव्या लोकरीचे स्वेटर, कानटोप्या, मोजे विणत होत्या. त्यातलं मोज्याचं टोक कुणी कसं मिटवलं असेल, असा प्रश्न मला आता पडतो. पूर्वी पडला नसता.

आणि आपल्या अगदी शेजारचं उदाहरण मला सगळ्यात उशिरा दिसलं. घोंगडी विणणारे सणगर मागावर बसण्याआधीच ताण्याच्या लोकरीला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे दख्खनी मेंढीची ती राकट लोकर विणताना तुटत नाही आणि पोत घट्ट येतो. शेवट कसा हवा ते आधी ठरवून मग सुरुवात. मी ते लहानपणापासून ऐकत होते, पण ते घोंगडीबद्दल होतं, माझ्या स्वेटरबद्दल थोडंच होतं!

सगळंच मात्र मी सोडलेलं नाही. हातचं काम हातचं दिसावं हे मला अजून वाटतं. एखादा टाका सैल पडला तर मी ओळी उसवत बसत नाही. ‘प्रेमानं हातांनी बनवलेलं’ असं छापलेली चामड्याची चकती स्वेटरच्या कमरेला शिवायची जी नवी टूम आहे, तिची मला शिसारी आहे. प्रेम होतं की नव्हतं ते घालणाऱ्याला कळतं. नक्षी अचूक यावी म्हणून रात्री जागणाऱ्या मैत्रिणींना मी अजून हसते. माझी सक्ती एवढीच उरली आहे, की अंगाला आतून लागणारं काहीही चुकार राहू नये, आणि जोडलेलं उद्या सोडवता यावं. बाहेरून काय दिसतं त्याची चिंता मी पूर्वीइतकीच कमी करते, आणि गंमत म्हणजे बाहेरूनही पूर्वीपेक्षा बरं दिसतं.

माझा आश्विनही बदलला. घट बसले की आधी वरच्या फळीवरची पिशवी खाली येते. त्यातलं जे जोडायचं राहिलं असेल ते जोडून झाल्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही, असा नियम केला आहे. दरवर्षी पाळला जातो असं नाही. जांभळ्या रंगाचा नवा लॉट आलाय असं दुकानदारानं फोन करून सांगितल्यावर कुणाचे नियम टिकलेत? पण पिशवी आता वर्षभर फुगलेली नसते.

एक गोष्ट राहिली, पैशाची. बचत गटांच्या दिवाळी प्रदर्शनात मी दोन-तीनदा विणकामाच्या टेबलावर बसले आहे. गिऱ्हाईक स्वेटर उचलतं, रंग बघतं, आणि किंमत विचारायच्या आधी आतली बाजू उलटून बघतं. विकत घेणाऱ्याला जे कळतं ते मला कळायला इतकी वर्षं लागली. उलट आम्ही विकणाऱ्या मात्र किंमत काढतो ती लोकर किती ग्रॅम आणि विणायला किती दिवस यावरून. जोडायला, दोरे आत घालायला, बटणं लावायला, धुऊन वाळवायला लागणारा वेळ त्यात धरलेलाच नसतो, कारण आपणच त्याला काम मानत नाही. शेटलंडमध्ये शाली ताणून देण्याची मजुरी वेगळी लावत. तेव्हा विणून विकणाऱ्या सगळ्या जणींना माझं सांगणं आहे: यंदा किंमत लावाल तेव्हा जोडणीचे तास वेगळे लिहून काढा आणि त्याचे पैसे मागा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, तर स्वेटर उलटा करून त्याच्या हातात द्या.